कोमट मिठाचं पाणी

"या शास्त्रज्ञ! आज लॉटरी लागली तुम्हाला," म्हणत खाटकाने कलेजी दाबली, तशी तिच्या नळ्यांतून पानासारखे चपटे किडे बाहेर सरकले. शास्त्रज्ञाने ते चिमट्याने अलगद उचलून थर्मासमधल्या कोमट मिठाच्या पाण्यात सोडले. अंगाइतकी ऊब मिळाली की हे किडे खाल्लेलं सगळं ओकतात आणि त्या ओकारीत त्यांचं एन्झाइम असतं, रक्तमांस पचवणारा रस. प्रयोगशाळेतल्या मॅडम त्याच रसापासून लस करता येते का ते बघत होत्या.

शास्त्रज्ञ म्हणजे तिथला बाटल्या धुणारा शिपाई. पण गल्लीत त्याच्या थापा अशा, की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. किडे त्याला बघून रांगेत उभे राहतात, मॅडम त्याला विचारल्याशिवाय दिवा लावत नाहीत, परदेशातून त्याच्या उजव्या हाताला मागणी आली होती, पण हात एकटा जायला तयार होईना! सगळे खो खो हसत. शेजारची शेळीवाली मावशी तेवढी मान डोलवून खरं मानी.

"कुणाची हो ही शेळी?" त्याने खाटकाला सहज विचारलं.

"तुमच्या शेजारणीची की! या किड्यांपायी गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती, उभं राहवेना. काल रडत रडत देऊन गेली बिचारी. म्हणे, शास्त्रज्ञाचं औषध चालू होतं, मीच उशीर केला."

चिमटा हातातच राहिला.

मागच्या महिन्यात मावशीने चारचौघांत त्याच्यापुढे बाटली धरली होती. "बाळा, तुझं ते किड्यांचं औषध दे की थोडं माझ्या शेळीला." औषध कसलं न् काय! पण सगळे बघत होते, 'नाही' म्हणायला जीभ रेटेना. त्याने बाटली भरून दिली. हेच पाणी, किडे वगळून.

प्रयोगशाळेत भांड्यातलं पाणी बघता बघता तपकिरी झालं. मॅडम हरखल्या. "वा! एवढा रस कधीच मिळाला नव्हता. शाबास!"

धरणीने पोटात घ्यावं तर तिथे फरशी होती.

संध्याकाळी मावशी त्याच्या दारात बसलेली. मांडीवर त्याच शेळीचं पिल्लू, हातात धुऊन लख्ख केलेली बाटली.

"आलास? ती गेली रे. आता हेही खाईना झालंय. याला वेळेवर सुरू करू."

"मावशी, ते औषध नव्हतं. मिठाचं पाणी होतं. मी तिथे बाटल्या धुतो."

मावशी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "खारट लागलं होतं मला. तिला पाजण्याआधी चाखलं होतं मी. म्हटलं, तू देतोयस म्हणजे असेल काहीतरी त्यात."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला मान वर करता आली असती.

सकाळी पिल्लू खांद्यावर घेऊन तो जनावरांच्या दवाखान्याकडे निघाला. मावशी मागून चालत होती.

"काय शास्त्रज्ञ, नवा शोध का?" दुकानातून न्हावी ओरडला.

"शास्त्रज्ञ नाही, शिपाई आहे मी. याला डॉक्टरकडे नेतोय. याची आई माझ्या थापेनं गेली."

ही आजवरची सगळ्यात भारी थाप, असं वाटून न्हावी पोट धरून हसला. गिऱ्हाईकही हसलं.

मावशी जवळ आली. पिल्लाचा लोंबणारा पाय उचलून तिने त्याच्या खांद्यावर नीट ठेवला आणि पुढे चालू लागली.