नाउयाक हलली नव्हती

मी एक फाळ बोलतोय. नांगराचा नव्हे. शेत मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि आमच्या गावात कुणी जमीन उकरायला गेलाच तर खाली बर्फच लागेल. मी भाल्याचा फाळ. वॉलरसच्या सुळ्याचं अंग आणि काळ्या पाटीच्या दगडाचं पातं, लांबी जेमतेम वीतभर. पण या वीतभर जिवानं एकशे तीस वर्षं एका देवमाशीच्या, म्हणजे मादी देवमाशाच्या, पाठीत काढली आहेत, तेव्हा बोलताना थोडं लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मला घडवलं तुलुगाकनं. तुलुगाक म्हणजे डोमकावळा, म्हणून माझ्या कुशीवर त्यानं कावळ्याच्या पायाची तीन रेघांची खूण कोरली. ध्रुवाजवळच्या टिकिगाक गावात तो एका कातडी नावेचा धनी होता. हात चांगला, जीभ त्याहून चांगली आणि आळस दोन्हींहून मोठा. माझ्या नेढ्यातून सीलच्या कातड्याची वादी ओवायची असते आणि ती दर वसंतात नवी ओवायची, असा रिवाज. त्या वर्षी त्यानं जुनीच वादी तेल चोळून चमकवली. त्याची बायको नाउयाक म्हणाली की ही मध्येच पिचलीय. त्यावर तो म्हणाला, तू शिवण बघ, दोर मी बघतो.

नाउयाकचं शिवण बघण्यासारखंच होतं. गावातल्या निम्म्या नावांच्या कातड्यांना तिचे टाके होते आणि त्यातून थेंब आत येत नसे. पदरात दोन वर्षांची मुलगी होती. हाताला काम नसलं की ती गुणगुणायची. शब्द नसत, नुसते तीन सूर, वर जाऊन खाली येणारे. शिकारीच्या दिवशी सकाळी मला घटकाभर तिच्या मांडीवर ठेवलं होतं, तेव्हा ते मी अगदी जवळून ऐकले.

आमच्यात नवरा देवमाशाच्या मागे गेला की बायकोनं घरात स्वस्थ बसायचं. शिवायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, उलू म्हणजे बायकांची ती अर्धगोल सुरी, तिला तर हातही लावायचा नाही. ती जशी बसेल तसा देवमासा शांत राहतो. तिनं सुरी चालवली तर तिकडे दोर तुटतो. हसू नका. तुमच्याकडेही निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास’ म्हणून विचारत नाहीत.

समुद्रावरच्या बर्फाला पडलेल्या फटीतल्या काळ्या पाण्यात एक देवमाशी वर आली आणि तुलुगाकनं मला तिच्या पाठीत रोवलं. चरबीतून मी आत गेलो, आडवा झालो आणि घट्ट बसलो. माझं काम मी चोख केलं. वादी ताणली, करकरली आणि नेमकी पिचलेल्या जागी तुटली.

देवमाशी तेव्हा तरुण होती. पण आज मला ती म्हातारीच आठवते, म्हणून म्हातारीच म्हणतो. म्हातारी लांब पळाली नाही. पातळ बर्फाखाली पाठ टेकून दम खात राहिली. वर, हातभर अंतरावर, तुलुगाक एकटाच उभा होता; बाकीचे नाव ओढून घ्यायला गेले होते. तुटलेली वादी त्यानं पाण्याबाहेर ओढली, ते मी ऐकलं. मग सुरीचा आवाज आला. सुरी कातड्यातून जाताना कशी वाजते ते मला कुणी शिकवायला नको. तंतू निघालेलं टोक त्यानं छाटून साफ केलं. मग बाकीच्यांचे पाय वाजले.

“बघा,” तो म्हणाला. “सुरीनं कापावी तशी तुटलीय. आता घरात काय चाललं होतं ते मी कशाला सांगू?”

ते टोक हातोहात फिरलं. माझ्या नेढ्यात मात्र त्याच वादीचं दोन बोटं टोक अडकून राहिलं होतं, तंतू निघालेलं, पिचलेलं. नाउयाक निर्दोष होती याचा पुरावा जगात तेवढाच. तो घेऊन म्हातारी उत्तरेला निघाली.

पुढच्या वसंतात आम्ही त्याच वाटेनं परतलो. देवमाशांच्या वाटा बदलत नाहीत. बर्फावर दोघं जण टेहळणीला बसले होते. बर्फाखाली बोलणं फार स्वच्छ ऐकू येतं, हे वरच्यांना ठाऊक नसतं.

“तुलुगाकच्या बायकोचं काय झालं रे?”

“गेली. लोक दारात यायचे बंद झाले. मुलीला बहिणीकडे ठेवलं आणि बर्फावर चालत गेली. पावलं फटीपर्यंत होती.”

“सुरी चालवली होती म्हणतात.”

“ती शेवटपर्यंत एकच म्हणत होती, मी हलले नव्हते.”

मला ओरडावंसं वाटलं. दगडाला ओरडता येत नाही. आणि तिथेच मला माझा पेच कळला. नाउयाकच्या कपाळावरचा डाग पुसायचा तर मी त्या गावात, त्या माणसांच्या हातात पडायला हवं. त्यासाठी म्हातारी मरायला हवी, तीही त्यांच्याच हातून. समुद्रात कुठे मेली तर मीही तळाला, आणि खरंही तळाला. तेव्हापासून मी रोज ती जगावी म्हणून जीव मुठीत धरायचो आणि रोज तिच्या मरणाची वाटही बघायचो. असला पाहुणा देवानं कुणाच्या घरी धाडू नये.

त्याच उन्हाळ्यात मी पहिल्यांदा ते ऐकलं. देवमासे गातात, ते मला ठाऊक आहे. ते गाणं पाण्यात पसरतं. हे कातड्याच्या आतून येत होतं, मांस आणि चरबी यांच्या मधून, अगदी माझ्या शेजारून. तीन सूर, वर जाऊन खाली येणारे. आधी वाटलं, भास होतोय. पण ते सुरू झाले की म्हातारी हलायची थांबायची, शेपटी सोडून द्यायची, आणि तिच्या काळजाचे ठोके इतके लांब व्हायचे की दुसरा पडेपर्यंत मला पहिल्याचा विसर पडायचा.

त्या स्वस्थ राहण्यानं तिला अनेकदा वाचवलं. त्या काळी दूरदेशीची शिडाची जहाजं यायची. देवमाशाच्या तोंडातल्या झालरी कापून न्यायची आणि अख्खा देह टाकून द्यायची. त्या झालरींच्या काड्या तिकडच्या बायकांच्या कंबरा आवळायला लागतात म्हणे. एवढा डोंगर मारायचा तो कुणाची तरी कंबर बारीक दिसावी म्हणून, हे मला आजही पटत नाही. जहाज जवळ आलं की सूर यायचे, म्हातारी बर्फाखाली निश्चल व्हायची आणि जहाज निघून जायचं. फुगलेले देह मात्र आम्हाला वाटेत भेटत. एकदा तिच्या बहिणीचा भेटला. म्हातारी त्याच्याभोवती तीन दिवस फिरत राहिली.

ओर्का आले तेव्हाही असंच. काळे-पांढरे, दात असलेले, टोळीनं देवमाशांच्या शिकारीला येणारे. तिच्याजवळ तेव्हा पहिलं पिल्लू होतं. सूर आले, ती थांबली, बर्फाच्या कडेला चिकटून राहिली. पिल्लाला ते ऐकू येत नव्हते. ते हललं. ओर्कांनी त्याची जीभ तेवढी खाल्ली आणि बाकीचं सोडून दिलं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचं पोट तसंच भरतं. पण त्या हिवाळ्यात सूर आले नाहीत. आत कुणीतरी रडत होतं, आणि ते म्हातारीचं रडणं नव्हतं.

वर्षं गेली. दर वसंतात मी बर्फाखालून गावाची खबर घेत होतो. तुलुगाक म्हातारा होऊन मेला. त्यानं तोंड उघडलं असतं तर मला कळलं असतं. शिडं गेली, यंत्रं आली, बंदुका आल्या. नाउयाक मात्र गावातून गेली नाही. कुणाचा दोर तुटला, कुणाच्या बर्फगाडीचा पट्टा तुटला की बाकीचे विचारायचे, “का रे, घरी नाउयाक आहे वाटतं?” आणि हसायचे. तिच्या मुलीला, मग नातसुनेला, मग पणतीला नावेचं कातडं शिवायला कुणी बोलावलं नाही. आमच्याकडे बाईला यापेक्षा मोठा अपमान नाही.

मग समुद्र बिघडला. आधी आवाज आला. लोखंडी जहाजं उन्हाळाभर येऊ लागली, आणि तळाशी तेल शोधणाऱ्यांचे धमाके, दर दहा-बारा मोजावेत तेवढ्यानं एक, दिवसचे दिवस. म्हातारीला बर्फाचा कानोसा लागेना, दुसऱ्या देवमाशांची हाक ऐकू येईना. आणि मला ते तीन सूर ऐकू येईनात. ते थांबले होते की त्या घरघरीत बुडाले होते, कोण जाणे. एकशे तीस वर्षांत मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

मग बर्फ पातळ झाला, उशिरा येऊ लागला, लवकर जाऊ लागला. पूर्वी ओर्का जिथे फिरकत नसत तिथे ते महिनोन्‌महिने राहू लागले. बर्फच नाही तर चिकटून राहायचं कशाला? दोनदा त्यांनी तिच्या शेपटीचे लचके तोडले. शेवटी दक्षिणेत एका हिवाळ्यात, कुणाचा तरी हरवलेला खेकड्यांचा पिंजरा आडवा आला. त्याचा दोर शेपटीत अडकला. म्हातारी जितकी सुटायला बघे तितका तो आत जाई. दोन वर्षं तिनं तो पिंजरा ओढला. दोर हाडापर्यंत गेला आणि चरबी इतकी झडली की बाहेरची थंडी मला लागू लागली. ती आता समुद्रात बुडणार हे मला दिसत होतं. तिच्याबरोबर मी, माझ्याबरोबर ती दोन बोटं वादी, आणि नाउयाक कायमची गुन्हेगार.

गेल्या वसंतात आम्ही टिकिगाकच्या फटीपाशी आलो. त्या दिवशी समुद्र कसा कोण जाणे, गप्प होता. एक जहाज नाही, एक घरघर नाही. वर बर्फावर हर्मन नावाच्या धन्याची माणसं बसली होती आणि दबक्या आवाजात त्याची चेष्टा चालली होती. येताना त्याच्या बर्फगाडीचा पट्टा तुटला होता.

“घरी नाउयाक ठेवून आलास काय, हर्मन?”

“फ्लॉसी बसलीय घरी. टीव्ही बंद, फोन बंद,” हर्मन बायकोबद्दल म्हणाला. “आणि ते नाव काढू नका. माझी काकू त्याच घरची आहे.”

तेवढ्यात आतून सूर आले. किती वर्षांनी आले. म्हातारीनं शेपटी सोडून दिली. मी मनात म्हटलं, इथेच थांब. लगेच म्हटलं, नको, जा, खाली जा. दोन्ही मनापासून म्हटलं. ती गेली नाही. नावेसमोर वर आली, पाठ त्यांच्याकडे केली आणि स्वस्थ पडून राहिली. पुढचं फार झटपट झालं. मला ते सांगवत नाही.

बर्फावर ओढून घेतल्यावर फ्लॉसी घरून लाकडी भांड्यातून गोडं पाणी घेऊन आली. खाऱ्या पाण्यात जन्म काढलेल्या पाहुण्याला तहान लागलेली असते. तिनं ते म्हातारीच्या तोंडावर ओतलं आणि आभार मानले. शेपटीतला दोर माणसांनी वाकून पाहिला. एकानं तो कापून बाजूला फेकला आणि शिवी दिली. मग चरबीचे तुकडे पडू लागले, आणि एका सुरीचं पातं माझ्यावर खटकन अडलं.

मला हातोहात पुढे नेलं. हर्मनची काकू वर्ना, ऐंशीला आलेली, घसरगाडीवर पाय सोडून बसली होती. हीच नाउयाकची पणती. तिनं मला पुसलं, कावळ्याच्या पायाची खूण बघितली आणि ती तुलुगाकची हे ओळखलं. मग तिचं बोट माझ्या नेढ्यात गेलं. ती दोन बोटं वादी लाकडासारखी कडक झाली होती. वर्नानं ती थुंकीनं भिजवली, चिमटीत धरली, तंतू एकेक करून उलगडले. शिवणकामाचे हात होते ते, जरी कुणी कधी बोलावलं नव्हतं तरी.

“हर्मन,” ती म्हणाली, “हे टोक सुरीचं आहे का सांग.”

हर्मननं वाकून पाहिलं. “नाही काकू. पिचून तुटलंय. सुरीनं असे तंतू निघत नाहीत.”

“मग तुलुगाकनं गावाला दाखवलं ते टोक?”

पट्ट्यावरून चेष्टा करणारा मान खाली घालून उभा होता. वर्ना मला मांडीवर घेऊन बसली. ती माझ्याशी बोलावं तशी, पण माझ्याशी नव्हे, म्हणाली, “पणजे, तू हलली नव्हतीस.”

फ्लॉसी तिच्याजवळ येऊन बसली. “काकू, पुढच्या वर्षी आमच्या नावेला टाके तुम्ही घालायचे,” ती म्हणाली. वर्ना रडली ती तेव्हा.

बाहेरून आलेली एक शास्त्रज्ञ मुलगी मला पेटीत घालून न्यायला बघत होती. वर्नानं तिला माप घेऊ दिलं, फोटो काढू दिले, न्यायचं नाव काढू दिलं नाही. आमच्यात देवमाशाची कवटी समुद्राला परत देतात, म्हणजे तो नवं अंग घालून पुन्हा येतो. ती वादी वर्नानं स्वतःकडे ठेवली आणि मला कवटीच्या पोकळीत बसवलं. मग सगळ्यांनी मिळून आम्हाला काठावरून ढकललं.

आता मी तळाशी आहे, म्हातारीच्या कपाळात. इथे अंधार आहे, पण त्याची मला सवय आहे. यंदा वसंतात हर्मनची नाव वरून गेली. वल्ह्यांचा आवाज आला, पाणी झिरपल्याचा आला नाही. वर्नाचे टाके पक्के आहेत.

एक मागणं आहे, मग मी गप्प बसेन. वरून जहाज गेलं की पुढे कितीतरी वेळ मला काहीच ऐकू येत नाही. ते दूर गेलं की कुठूनतरी तीन सूर येतात, वर जाऊन खाली येणारे. कधी डोक्यावरून जाणाऱ्या एखाद्या तरुण देवमाशीच्या अंगातून येतात, कधी या कवटीतूनच, आणि कवटीत तर माझ्याशिवाय कुणी नाही. ते ऐकणारे देवमासे वर अजून थोडे आहेत. त्यांना ते सूर ऐकू आले तरच ते थांबतील, तरच वाचतील. तुम्ही लांब राहता, तुमच्या हातात काय आहे मला ठाऊक नाही. पण नाउयाक एक दिवस, कुणाचा तरी जीव तिच्यावर अवलंबून आहे असं मानून, हात मांडीवर ठेवून बसली होती. तुम्हीही घटकाभर तसं बसून बघा.