रांगेजवळ

सासऱ्यांनी दाताळं रोवून खताच्या रांगेची कड ओढली आणि आतला काळा चिखल वाफाळत सुनेच्या चपलेवर आला. शेण, सडका कोबी, त्यात गुंतलेलं काहीतरी पांढुरकं, लिबलिबीत. तिने रुमाल नाकावर दाबला.

"जवळ ये सूनबाई. तिथून काय कळणार?"

ती पाऊलभर सरकली. लग्न झाल्यापासून रोज हेच. आवारात शेणाच्या नि पालापाचोळ्याच्या लांबच लांब रांगा कुजत पडलेल्या; एखादी उघडली की तिला हाक. कामाला हात लावू देत नसत, नुसतं उभं करत. आधी "झालं तयार" म्हणत, मग उगाच मन बदलत. मुद्दाम छळतात, असंच ती धरून चालली होती. दोनदा अंघोळ करूनही केसांना तोच वास, घास उचलला की बोटांनाही तोच. आज ती सांगायलाच आली होती, की आम्ही दोघं शहरात वेगळं राहणार. नवऱ्याची जीभ रेटत नव्हती.

"बाबा, जरा बोलायचं होतं."

"बोल की. आधी हे बघ." त्यांनी मूठभर खत नाकाशी धरून डोळे मिटले. "वा! मातीच झाली की! उद्या रोपवाटिकेला धाडू."

मुठीतून तपकिरी पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मिशीला एक अळी चिकटली होती. सडक्या अंड्यांचा भपकारा आला आणि ती वाकून भडभडून ओकली.

मान वर केली तेव्हा ते ढिगाकडे नव्हे, तिच्या कपाळाकडे टक लावून बघत होते.

"म्हणजे नाही झालं," ते हळूच म्हणाले.

"बाबा... तुम्हाला वास येत नाही?"

त्यांनी मूठ झटकली. "तू यायच्या आधी मला मोठा ताप आला, तेव्हापासून नाही. पोराला सांगू नकोस. माझ्या कच्च्या खताने लोकांची रोपं जळली गं. तुझ्या कपाळाला आठी पडली की मला कळतं. एवढं तिखट नाक घरात दुसरं कुणाचंय?"

तिने रुमालाने तोंड पुसलं.

"तू काय सांगत होतीस?"

"आधी मिशी पुसा."

तिने बरबटलेला रुमाल दूर टाकला, तोंड फिरवून छातीभर मोकळी हवा घेतली. मग पुढच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली.

"उघडा."