जाऊबाईंच्या गाई

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचे हे कुठे झोपले होते कोण जाणे! गाईमागे सरकारी अनुदान मिळतं. आमच्या गोठ्यात गाई चार, ह्यांनी कळवल्या नऊ. तपासणी आहे म्हटल्यावर तोंडचं पाणी पळालं. सकाळीच मोठ्या जाऊबाईंच्या दारात जाऊन उभे.

"वहिनी, आमच्या कुरणात गवत माजलंय. तुमच्या गाई आजच्या दिवस सोडता?"

भाऊजी गेल्यापासून जाऊबाई एकट्याच. दूध आणि अनुदान, ह्यावरच त्यांची चूल पेटते. तरी म्हणाल्या, "न्या की, विचारायचं काय त्यात!"

मी ह्यांना म्हटलं, "लाज कशी वाटत नाही?"

"छप्पर गळतंय म्हणून रोज कोण कटकट करतं?"

करत होते मीच. नऊ गाईंसाठी गोठा झाडायला घेतला.

दुपारी यायच्या त्या तपासणीच्या बाई उन्हं उतरल्यावर उगवल्या. गोठ्यात शिरून बोटाने मोजायला लागल्या. सहा, सात... तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "या गं बायांनो, या!"

धारेची वेळ झालेली. जाऊबाई बादली घेऊन उभ्या होत्या. झालं! पाचही गाई वळल्या आणि तपासणीच्या बाईंना ढुशी देत दाराबाहेर पडल्या. बाईंचा बूट शेणात.

"ह्या गाई नक्की कुणाच्या?"

हे पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मीही खालीच बघत होते. जाऊबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना सगळं कळलं.

"ह्यांच्याच आहेत," त्या म्हणाल्या. "मी धार काढते ना, म्हणून माझ्या हाकेला येतात."

"मग यादीत तुमच्या नावावर पाच आहेत, त्या कुठे?"

"माझ्या... विकल्या."

"तसं असेल तर तुमचं अनुदान बंद होईल, आजी."

"होऊ दे."

ह्यांनी हुश्श केलं. अगदी हळू, पण मला ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! ज्या बाईच्या ताटातलं ओढत होतो, तीच आम्हाला पाठीशी घालत होती.

"खोटं आहे ते!" मी ओरडलेच. "पाचही त्यांच्या आहेत. आमच्या चार. काय कापायचं ते आमचं कापा."

"अगं ए, वेड लागलं का?" हे म्हणाले.

"आत्ता कुठे उतरलंय," मी म्हटलं.

बाई गेल्या. यंदाचं अनुदान गेलं, दंड येईल तो वेगळाच. मी जाऊबाईंच्या मागोमाग त्यांच्या गोठ्यापर्यंत गेले. त्या धारेला बसल्या होत्या.

"छप्पर गळतं म्हणून केलं हो त्यांनी," मी कसंबसं बोलले. "आणि मी करू दिलं."

जाऊबाईंनी वर पाहिलं नाही.

"तुझ्या भाऊजींनी आणून ठेवलेले नवे पत्रे गोठ्यामागे पडलेत," त्या म्हणाल्या. "मागायचे होतेस ना गं."