कचऱ्याची फाइल

“हे नव्हे,” धाकटी म्हणाली आणि हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवला.

संशोधक बाई बुचकळ्यात पडल्या. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या धुलाईघरात जाऊन त्यांनीच हे गाणं टिपलं होतं. तिथल्या बायका दोघी-दोघींनी चादरीची टोकं धरून, गात गात घड्या घालायच्या. चौथ्या ओळीला चादर चौपदरी झालीच पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता. धाकटी त्यांच्यातलीच, वयाने सगळ्यांत लहान; आणि हा आवाज तिच्या आईचा, धुलाईघरातल्या सगळ्यांत जुन्या बाईचा. तिला जाऊन महिना झाला होता, आणि घरात तिचा आवाज कुठे औषधालाही शिल्लक नव्हता.

“आवाज तुमच्या आईचाच आहे,” बाई म्हणाल्या.

“ते कळतंय हो. गाणं काय, मलाही येतं. झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. पण मधेच ती मला ओरडली होती. तुम्ही होतात की तिथे! दुसरं टोक माझ्याच हातात होतं. तेवढं ऐकायला रजा काढून आलेय.”

ध्वनिफीत साफ करताना मशीनची घरघर, खोकला, बोलणं, सगळ्याला बाईंनी कात्री लावली होती. गाणं कसं निखळ हवं! परिषदेत त्या निखळपणाचं केवढं कौतुक झालं होतं. अतिशहाणपणा, दुसरं काय.

“ते मी... काढून टाकलंय.”

धाकटी उठली, खांद्याला पिशवी अडकवली. भांडली असती तर परवडलं असतं. ती नुसतं “असू दे” म्हणाली.

“थांबा! दोन मिनिटं थांबा.”

काहीही फेकून द्यायला बाईंच्या जिवावर येई. विद्यार्थी त्यावरून त्यांची टर उडवत. जुन्या संगणकात शोधशोध शोधून त्यांनी ‘कचरा’ नावाची फाइल उघडली आणि स्पीकर लावला.

आधी घरघर आली. मग खोकला. मग खणखणीत आवाज:

“अगं ए, ताणून धर! हातात जीव आहे की नाही? घडी वाकडी आली ना, तर सगळ्या चादरी उलगडायला लावीन!”

धाकटीच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली. तिच्या दोन्ही मुठी आपसूक वळल्या आणि ती एक पाऊल मागे सरली, चादर ताणायला सरतात तशी.

“जा, त्या कोपऱ्यातल्या चादरी घेऊन ये,” आई फर्मावत होती. पावलं दूर गेली. मग आईचा आवाज खाली उतरला.

“बाई, हिच्यासारखी घडी इथे कुणाला जमत नाही. मलासुद्धा नाही. पण तिला सांगू नका हं, डोक्यावर बसेल.”

त्यावर बाईंचं स्वतःचं हसणं, आणि फाइल संपली.

“मला आठवतही नव्हतं हो,” बाई खालमानेने म्हणाल्या. “शप्पथ.”

धाकटीने पदराने तोंड पुसलं.

“पुन्हा लावा.”

“हे शेवटचं?”

“नाही,” ती म्हणाली. “ओरडते तिथून.”