मूळ नकाशाची नक्कल

मोजणीदारांचा एक नियम होता आणि तो त्यांनी छत्तीस वर्षं पाळला. जमिनीचे हिस्से पाडायचे तर आधी मूळ नकाशाची नक्कल काढून कुलपात ठेवायची, मगच जमिनीला साखळी लावायची. वाटणी मागायला भाऊ भाऊ हसत येतात आणि जाताना एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अशा वेळी निदान आधी काय होतं, हे तरी दाखवता आलं पाहिजे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. घरातलं कपाट सरकवायचं असलं तरी ते आधी त्याच्या पायांभोवती खडूने खुणा करायचे.

बायको यावरून त्यांना फार चिडवायची. म्हणजे बोलत होती तोवर. सात महिन्यांपूर्वी तिला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि जिभेवरचे सगळे शब्द पुसले गेले. राहिला तो एकच: "अहो." पाणी हवं तरी अहो, उशी टोचली तरी अहो, राग आला तरी अहो. चाळीस वर्षं ज्या हाकेला मोजणीदार "आलो, आलो" म्हणत आणि जागचे हलत नसत, तिचे आता त्यांना पंधरा-वीस प्रकार ओळखू येत होते. देवाला अक्कल शिकवायची असते तेव्हा तो फी जबर घेतो.

झटक्याच्या आधीच्या वर्षी बायकोने एक उद्योग केला होता. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी मागच्या खोलीचं दार लावून त्या जुन्या संगणकासमोर बसत आणि माइकमध्ये काहीतरी बोलत. अशा सोळा दुपारी गेल्या. मोजणीदारांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "माझं सगळं सांगतेय. चाळीस वर्षं तुम्हाला ऐकायला सवड नव्हती, आता मी गेल्यावर सावकाश ऐका." ते सोळा भाग एका पेनड्राइव्हवर घालून, त्याला लाल दोरा बांधून त्यांनी तो नवऱ्याच्या हातात ठेवला. पुढे जुना संगणक जळाला आणि भंगारात गेला. मोजणीदारांनी पेनड्राइव्ह जपला आणि एकदाही ऐकला नाही. गेल्यावर म्हणाली होती. दिला शब्द पाळणारा माणूस तो, नको तिथेही पाळायचा.

पण आता बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांचा स्वतःचा जुना आवाज आहे का कुठे? रोज थोडा ऐकवू. आपलाच आवाज कानावर पडला की कधी कधी शब्द परत येतात." मोजणीदारांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा ती नीट हसली. सोमवारपासून सुरुवात करायचं ठरलं. लेकीने दूरच्या गावाहून नवाकोरा लॅपटॉप पाठवून दिला.

शनिवारी सकाळी मोजणीदारांनी तो उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत सगळी जागा एकसलग. यंत्राचा कारभार आणि माणसाचं सामान एकाच आवारात. हे त्यांना कसं चालावं? कारभार बिघडला तर सामानही जाणार. त्यांनी ठरवलं, दोन हिस्से पाडायचे. एक यंत्राचा, एक हिच्या आवाजाचा, स्वतंत्र हद्दीचा. आवाज सुरक्षित राहावा एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता, हे विसरू नका.

लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, त्यात कारखान्यातूनच एक लपवलेला भाग येतो, रिकव्हरीचा. उद्या काही बिघडलं तर त्यावरून लॅपटॉप पहिल्यासारखा होतो. हिस्से पाडायच्या आधी त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा."

मूळ नकाशाची नक्कल! मोजणीदारांना लेकीचा अभिमान वाटला. शेवटी रक्त कोणाचं.

एवढी मोठी प्रत मावेल असा पेनड्राइव्ह घरात एकच होता, लाल दोऱ्याचा. प्रत काढण्याआधी त्यावरचं सगळं पुसलं जाईल, असं पडद्यावर स्वच्छ लिहून आलं. मोजणीदार काही वेंधळे नव्हते. त्यांनी आधी सोळाही भाग लॅपटॉपवर उतरवून घेतले, सोळा नावं आणि त्यांची मापं वहीत लिहून ताडून पाहिली. पहिला भाग लावूनही बघितला. आतून बायकोने घसा साफ केला आणि ती म्हणाली, "हं, तर..." त्यांनी घाईने बंद केलं. तिच्यासोबतच ऐकायचं, चोरून नको. नव्या हिस्स्यात आवाज ठेवायचा, संध्याकाळी दुसरा पेनड्राइव्ह आणून त्यावरही घ्यायचा. मध्ये फक्त काही तासांचा प्रश्न.

पलंगावरून बायको बघत होती. लाल दोरा तिने ओळखला.

"अहो," ती म्हणाली.

"चहा ना? आणतो, हे एवढं होऊ दे."

"अहो. अहो."

"अगं हो, आणतो म्हटलं ना."

पंधरा-वीस प्रकार ओळखणाऱ्या माणसाला तो एक ओळखता आला नाही. त्यांनी बटण दाबलं. तासाभरात प्रत तयार झाली. ज्या जमिनीत अजून कुणी दाणाही पेरला नव्हता, तिचा नकाशा पेनड्राइव्हवर काठोकाठ भरला. मोजणीदारांनी तो कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि हिस्से पाडायचं काम सुरू केलं.

बासष्ट टक्क्यांवर ते थांबलं. चहा झाला, जेवण झालं, बासष्टच. पडद्यावरचा बाणही हलेना. शेवटी चार वाजता त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं. पुन्हा चालू केलं तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली, सुरू करण्याजोगं काही सापडत नाही म्हणून.

फोनवर लेक म्हणाली, "मग कसली काळजी? प्रत काढलीय ना? ती लावा. सगळं पुसून पहिल्यासारखं होईल."

"सगळं पुसून," मोजणीदार म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने दुसऱ्या दिवशी दोन तास खटपट केली. मोजणीदार काउंटरला धरून उभे होते. आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर असे उभे राहिले होते, आमची बांधाकडची जागा कुठे गेली म्हणून विचारत. नकाशावर बोट ठेवून ते शांतपणे सांगायचे, "नाही सापडत."

"काका, आतलं सामान सरकवत असतानाच तुम्ही बंद केलंत," दुरुस्तीवाला म्हणाला. "हे बघा, सोळाच्या सोळा नावं दिसतायत. आत काही नाही. सगळ्यांचं माप शून्य."

"आणि पेनड्राइव्ह?"

"तोही पाहिला. आधीच्या सगळ्यावर नवीन लिहिलं गेलंय. दुसरी कुठे प्रत नाही?"

मोजणीदारांनी मान हलवली. छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या नकला काढणाऱ्या माणसाजवळ याची नक्कल नव्हती.

"मग लॅपटॉप तरी सुरू करून देतो. रिकव्हरी काढून ठेवलीत हे फार शहाणपणाचं केलंत. कुणी करत नाही."

नक्कल बिनचूक निघाली. वीस मिनिटांत लॅपटॉप कारखान्यातून आला तसा झाला.

घरी येऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला. बायको उशीला टेकून उठून बसली होती, डाव्या हाताने केस सारखे केलेले. उद्याचा सोमवार तिच्या लक्षात होता. तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्यांना नाही म्हणता येईना, खरं सांगायला तोंडही उघडेना. त्यांनी नुसतं झाकण उघडलं. तेवढ्यात यंत्र आपणहून एका तरण्या, गोड, अनोळखी बाईच्या आवाजात बोललं, "नमस्कार. चला, नव्याने सुरुवात करू या."

बायको कान देऊन ऐकत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो?"

हा प्रकार त्यांना लगेच ओळखता आला. ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी तिचा लुळा हात हातात घेतला.

"गेलं गं सगळं," ते म्हणाले. "माझ्या हातून गेलं. मी ऐकलंही नव्हतं. 'हं, तर' एवढंच ऐकलं."

मग तिने घसा साफ केला, अगदी तसाच. मोजणीदार पुढे वाकले. तिचे ओठ हलले, कपाळावरची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. सोळा दुपारी काय सांगितलं होतं ते तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवत होतं.

"अहो," ती म्हणाली. "अहो. अहो. अहो."