कल्याणरावांच्या बोटांसाठी बर्फ

मी एक जुना थर्मास आहे. निळ्या रंगाचा, अंगावर पांढरी फुलं असलेला. फुलं आता निम्मी घासून गेली आहेत. मित्रांनो, माझ्या पोटात काचेच्या दोन भिंती आहेत, एकीच्या आत दुसरी. कारखान्यात त्या दोन भिंतींमधली हवा ओढून काढली आणि काचेला चांदीसारखा मुलामा दिला. म्हणून माझ्यात ओतलेला चहा लवकर निवत नाही. चहा गरम ठेवणं एवढंच माझं काम, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.

ताडकळसच्या आठवडी बाजारातून कल्याणरावांनी मला घरी आणलं. चुडाव्याच्या स्टेशनाजवळ त्यांची रोपवाटिका आहे. आंबा, पेरू, सीताफळ यांची कलमं ते स्वतः बांधत. मी चहा भरून सावलीला बसे आणि त्यांची बोटं पाहत राही. रोपाला तिरपा काप द्यायचा, दुसऱ्या झाडाची काडी त्याला अशी जुळवायची की साल सालीला लागेल, मग पट्टी गुंडाळायची. डोळे मिटूनही त्यांना ते जमलं असतं. दोन झाडांचं एक झाड होताना मी तिथेच पाहिलं.

त्यांच्या पत्नी उमादेवी पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "सकाळचा चहा हाय, बघा अजून वाफ निघायली." पण पुढे घरात स्टीलचा नवा थर्मास आला आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यावर धूळ साचली. मला ऐकू मात्र सगळं येत होतं.

त्याच काळात कल्याणरावांची कंबर दुखू लागली. "कुंड्या उचलून दुखायली," एवढंच ते म्हणत. लघवीचा त्रास तर त्यांनी कुणालाच सांगितला नाही. त्यांची मुलगी महेश्वरी पूर्णेला शिक्षिका आहे. सुट्टीत घरी आली असताना तिने त्यांना भिंत धरून उठताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी नांदेडला नेलं. तपासण्या झाल्या. प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीचा कर्करोग निघाला. तो हाडांपर्यंत पोहोचला होता.

महेश्वरीने आईपासून काही लपवलं नाही. "डॉक्टर म्हणाले, मुळासकट जाईल असं न्हाई. पण औषधानं रोखून धरता येतं."

"कुठवर?" उमादेवींनी विचारलं.

"ते त्यांनाबी सांगता येईना, आई."

कल्याणराव मुलीला डॉक्टरांच्या खोलीत येऊ द्यायला तयार नव्हते. असल्या जागेचं दुखणं पोरीसमोर कसं बोलायचं, असं ते पुटपुटले. महेश्वरी म्हणाली, "अप्पा, झाडाला कीड लागली तर फांदी तपासताना तुमी लाजता का?" पुढच्या खेपेला ते तिच्यासाठी दार उघडं धरून थांबले.

केमो, म्हणजे सलाईनमधून द्यायचं कर्करोगाचं औषध, सुरू व्हायच्या आधी दवाखान्यातल्या मनिषा सिस्टरनी सांगितलं, की या औषधाने नखं काळी पडतात, बोटं बधिर होऊ शकतात. सलाईन चालू असताना हात बर्फात ठेवले तर बोटांकडे औषध कमी जातं आणि ती वाचायला मदत होते. महेश्वरी घरी येऊन बर्फासाठी भांडं शोधू लागली. नव्या थर्मासचं तोंड अरुंद होतं. मग मला खाली काढलं गेलं.

मित्रांनो, मला थंडी माहीत नव्हती. बर्फाचे खडे पोटात पडले तेव्हा वाटलं, काच तडकणार. पण ज्या भिंती ऊब बाहेर जाऊ देत नव्हत्या, त्याच भिंतींनी उन्हाची ऊब आत येऊ दिली नाही. मी हेही करू शकतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

चुडाव्याहून रेल्वेने आम्ही नांदेडला गेलो. कल्याणराव कपाळावर विभूती लावून दवाखान्यातल्या खुर्चीत टेकले. महेश्वरीने पिशव्यांत बर्फ भरून, फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातांवर ठेवला. बाटलीतलं औषध थेंब थेंब उतरू लागलं. डॉक्टर फेरीला आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, की हे औषध यू नावाच्या झाडाच्या पानांपासून बनवतात.

कल्याणरावांनी मान वर केली. "झाडाच्या पानांपासून?"

"हो. थंड मुलखातलं झाड आहे."

ते कितीतरी वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग मुलीला हळूच म्हणाले, "जन्मभर झाडावर झाड बांधलं. आता माझ्यावरच बांधायलेत."

मी माणसं पुष्कळ पाहिली होती, पण असं धैर्य कधी पाहिलं नव्हतं. शरीराला पोळणारं औषध अंगात घ्यायचं, हात बर्फात गोठवायचे आणि त्यातही त्या अनोळखी झाडाचं नवल करायचं.

पुढचे दिवस कठीण गेले. महेश्वरी आता चुडाव्यालाच राहून पूर्णेच्या शाळेत जाऊन-येऊन करी. केस गेले, भुवया गेल्या. भाकरी मातीसारखी लागे. महेश्वरी पेज करून घोट घोट पाजायची, तोंड आलं की बर्फाचा खडा चोखायला द्यायची. रोज सकाळी विभूती लावून झाली की विचारायची, "बोटाला राख लागलेली कळायली का?" ते म्हणत, "कळायली."

एका शनिवारी दुपारी ती शाळेतून आली, तर कल्याणराव भर वैशाखात रजई पांघरून पडलेले. उमादेवींनी माझ्यात गरम पाणी भरून उशाशी ठेवलं होतं.

"ताप हाय, अप्पा?"

"न्हाई. उगं कणकण हाय."

तिने थर्मामीटर लावलं आणि तिचा चेहरा उतरला. केमोत ताप आला तर एक घटका थांबायचं नाही, अशी सिस्टरची ताकीद होती. तिने जीप बोलावली.

"सकाळपासून हाय," कल्याणराव खाली बघून म्हणाले. "तुझ्या सुट्ट्या संपल्या म्हणलीस. किती पळशील माझ्यामागं?"

"मी पळायले ते तुमी ऱ्हावं म्हणून. तुमीच लपवलं तर मी कुठं पळू?"

त्यांनी तिचा हात धरला आणि सोडला नाही. दवाखान्यात कळलं, अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. ताप हटेपर्यंत महेश्वरी स्टुलावर बसून राहिली. पुढचा डोस लांबला, पण उरलेले एकेक करून होत गेले. हाडांचं दुखणं कमी झालं, रक्ताच्या तपासणीतला रोगाचा आकडा खाली आला. रोग गेला नाही, दबून बसला. डाव्या अंगठ्याला आता नीट कळत नाही, बाकीची बोटं शाबूत आहेत. शेवटचा डोस बाकी असतानाच पावसाळा सुरू झाला आणि त्यांनी पुन्हा कलमं बांधली. अंगठ्याच्या जागी महेश्वरीने बोट धरलं.

शेवटच्या डोसाच्या दिवशी शेजारच्या खुर्चीत देवगाव फाट्याकडचे सिताराम नावाचे गृहस्थ बसले होते. सिस्टरनी काहीही विचारलं की ते म्हणत, "काही न्हाई, बरं हाय." बायको काळजीने त्यांच्याकडे बघत होती. कल्याणराव, जे कुणाशी दोन शब्द बोलत नसत, ते खुर्ची वळवून म्हणाले, "मीबी असंच म्हणायचो. ताप लपवला होता मी. पोरगी आली म्हणून वाचलो. जे व्हायलंय ते सांगा यांना."

सिताराम हलक्या आवाजात म्हणाले, "पाय बधिर पडायलेत. लय दिवस झाले."

त्यांची बायको पुढे झाली. सिस्टर पेन घेऊन जवळ बसल्या. निघताना कल्याणरावांनी मला सिताराम यांच्या खुर्चीपाशी ठेवलं आणि बर्फ कसा भरायचा ते त्यांच्या बायकोला समजावून सांगितलं.

मित्रांनो, आता मी देवगाव फाट्याकडच्या घरात राहतो. मला जपायचं तर फार काही लागत नाही, फक्त आपटू नका. पण तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस भिंत धरून उठत असेल आणि विचारल्यावर "काही न्हाई" म्हणत असेल, तर ते उत्तर ऐकून खेळायला पळू नका. त्यांच्याजवळ बसा. पुन्हा विचारा.