ट्रेडमिलचं तोंड भिंतीकडे

वजनं उचलणाऱ्याला वेगळं पळावं लागत नाही, हे जिमच्या सरांना पटवण्यात मी बरेच दिवस घालवले. "सेट लांबलचक मारायचे, मधे श्वास पुरता खाली बसू द्यायचा नाही. छाती धडधडतेच की. मग त्या पट्ट्यावर वेगळं काय होतं?" पुरावाही माझ्या अंगावरच होता. बाळंतपणात सुटलेलं पोट आत गेलं होतं आणि जुनी जीन्स मांडीला न अडता वर चढत होती.

सर माझ्यापेक्षा लहान, पण दरडावायला कमी करत नाहीत. "मॅडम, तुम्ही वकील झाला असता तर माझं जिम बंद पडलं असतं," ते म्हणायचे आणि पुढच्या बाईकडे वळायचे.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. जिमच्या टोकाला काचेच्या दाराची छोटी खोली आहे. व्यायामाला येणाऱ्या बायकांची मुलं तिथे मावशी सांभाळतात. डंबेलपाशी उभं राहिलं की ती खोली बरोबर समोर येते. ट्रेडमिलचं तोंड मात्र भिंतीकडे. भिंतीला आरसा आहे, पण त्यात दाराचा वरचा अर्धा भागच दिसतो, आणि माझा ढब्बू अजून तेवढा उंच नाही. पहिल्याच दिवशी बंद मशीनवर चढून मी हे बघून ठेवलं होतं.

नवरा कामासाठी दुसऱ्या गावी असतो, शनिवारी येतो. इथे आम्हाला ओळखणारं कुणी नाही. दिवसभरात माझ्याशी अख्खं वाक्य बोलणारी माणसं म्हणजे सर आणि मावशी. ढब्बूला मोजके शब्द येतात, आणि निम्मा वेळ 'नको' म्हणण्यात जातो.

मग आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. ढब्बू कडेवर, खांद्याला भाजीची पिशवी, आणि घर चौथ्या मजल्यावर. तिसऱ्याच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवर बसले. हातापायांत ताकद होती, पोराचं ओझं वाटतही नव्हतं. श्वास तेवढा सापडेना. ढब्बूने माझ्या तोंडावर बोटं फिरवून पाहिली आणि भोकाड पसरलं. एकही दार उघडलं नाही. उद्या याच्या घशात काही अडकलं, ताप डोक्यात गेला, तर याला उचलून मी धावणार कशी? संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सांगितलं.

"अगं, होईल की लिफ्ट दुरुस्त," तो म्हणाला.

सरांनी मात्र हातातलं काम सोडून ऐकलं. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. रक्त, बीपी, सगळं ठीक आहे. दम कमी पडतो म्हणाले."

"मग ऐका. चरबीचं तुम्ही जिंकलात. वजनं आणि नीट जेवण, एवढ्यावर ती जाते. लांब सेटनी दमही थोडा वाढतो, नाही म्हणत नाही. पण सेट संपला की तुम्ही थांबता. सलग चालत राहायची सवय छातीला वेगळी लावावी लागते. रोज वीस मिनिटं पट्ट्यावर, बास."

माझी नजर सवयीने काचेकडे गेली होती. सरांचीही तिकडे गेली, मग ट्रेडमिलकडे, मग परत माझ्याकडे.

"असं आहे होय."

"मशीन फिरवता नाही का येणार?"

"वायर जमिनीतून आलीय. जिमच फिरवायचं म्हणालात तर बघतो."

मला हसू आलं नाही. मी चढले. पहिल्यांदा मान मागे वळवली तेव्हा पाय लटपटला आणि सर लांबूनच ओरडले, "समोर!" समोर मीच होते, तोंड लाल झालेली. मग कान मागे लावले. एक मूल रडायला लागलं. माझा हात लाल बटणावर गेला. ढब्बू खालच्या आवाजात सुरुवात करतो, हे एकदम वरून आलं होतं. दुसऱ्या कुणाचं तरी. हात काढला आणि चालत राहिले. श्वास आधी तुटला, मग कुठेतरी जुळला.

उतरल्यावर घामही न पुसता दाराशी गेले. लाल नाक, हुंदके, 'आईच हवी म्हणून बसला' असं मावशींचं गाऱ्हाणं, सगळ्याची तयारी करून गेले होते.

ढब्बू मावशींच्या मांडीला टेकून प्लास्टिकचे पेले एकात एक घालत होता. मला बघून हसला आणि पेल्यासकट हात वर करून टाटा केलं.

"बघा, वाटेला लावतोय तुम्हाला," मावशी म्हणाल्या. "जा हो निवांत. आमचं छान चाललंय."

जायचं कुठे, ते मला सुचेना. त्याने पुन्हा हात हलवला, या खेपेला जरा घाईने, कारण पेले वाट बघत होते. मग मीही हलवला आणि वळले.

"आज पुरे, मॅडम," सर म्हणाले.

मी पट्ट्यावर चढून बटण दाबलं.